रामघाटाची पायरी आणि हौशी माणसाचे विज्ञान



उज्जयिनीच्या रामघाटावर स्नानाला उतरणाऱ्यास वडीलधारी मंडळी एक सूचना हटकून देतात : पाण्यातल्या पायरीवर पाय जपून ठेव. पाण्याखालची पायरी निसरडी असते. समोर पैलतीरी दत्त आखाडा, मागे हरसिद्धीचे शिखर, सायंकाळच्या आरतीच्या दिव्यांचे पाण्यातले प्रतिबिंब, या साऱ्याकडे यात्रेकरूचे लक्ष जाते. ज्यावरून पाय घसरतो त्या थराकडे मात्र कोणी पाहत नाही. हा थर नखाने खरवडला तर तो हिरवा कमी आणि तपकिरी अधिक दिसतो. बोटांत चोळला तर बुळबुळीत लागतो, पण उन्हात वाळला की त्याला किंचित खरखरीतपणा येतो. आजच्या व्याख्यानाचा विषय या थरापासून सुरू होतो. हौसेखातर, पदरमोड करून, कोणत्याही संस्थेच्या आधारावाचून जो माणूस विज्ञानाच्या वाटेला लागतो, त्याच्या कामाला शास्त्रात खरोखर स्थान आहे काय, हा त्यातला प्रश्न आहे.

तो खरखरीतपणा काचेचा असतो. थरातील तपकिरी रंग मुख्यतः डायाटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींचा. मराठीत त्यांना करंडक वनस्पती असेही म्हटले गेले आहे आणि ते नाव मोठे समर्पक आहे, कारण या पेशीभोवती सिलिकेचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याचे, कवच असते आणि ते कुंकवाच्या करंड्यासारखे दोन भागांचे, एक डबी व दुसरे तिचे झाकण, असे बनलेले असते. आकार मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत. पेशी मरते, कुजते, परंतु करंडा मागे राहतो. अशा करंड्यांचे थर साचून जी माती होते तीच आल्फ्रेड नोबेलने स्फोटक द्रव शोषून घेण्यासाठी वापरली आणि १८६७ मध्ये डायनामाइटचे एकस्व मिळवले. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जेवढा प्राणवायू तयार होतो त्याचा सुमारे पाचवा भाग या दृष्टीआडच्या वनस्पतींचा आहे.

डायाटमांचे पहिले निःसंदिग्ध वर्णन कोणी केले, हे सांगण्यासारखे आहे. ते कोणा प्राध्यापकाने केलेले नाही. इंग्लंडमधील एका खेड्यात राहणाऱ्या गृहस्थाने आपल्या तळ्यातील पाणवनस्पतीची मुळे सूक्ष्मदर्शकाखाली धरली, त्यांवर आयत आणि चौकोन यांच्या साखळ्या चिकटलेल्या त्याला दिसल्या आणि त्याने ते चित्रांसह कळवले. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७०३ साली ते छापले गेले. लेखकाचे नाव तेथे दिलेले नाही. नाव गेले, निरीक्षण राहिले. पुढच्या अभ्यासकांनी त्या चित्रावरून डायाटमाची प्रजातीही ओळखली.

त्याच सुमारास हॉलंडमधील डेल्फ्ट येथे लेवेनहूक हा कापडाचा व्यापारी स्वतः घडवलेल्या एकेका भिंगातून पावसाचे पाणी, तळ्याचे पाणी, दातांवरील कीट पाहत होता. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. परंतु जे दिसेल ते पत्रांतून रॉयल सोसायटीला कळवावयाचे, हा नेम त्याने सुमारे पन्नास वर्षे पाळला. १६७४ च्या एका पत्रासोबत त्याने बूच, एरंडासारख्या पोकळ काडीतला गाभा वगैरेंचे पातळ काप कागदाच्या पुड्यांत घालून पाठवले होते. पुड्या पत्रांच्या गठ्ठ्यात राहिल्या. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड या अभ्यासकाला त्या लंडनमध्ये सोसायटीच्या संग्रहात सापडल्या आणि त्यातील काप त्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. तीनशे वर्षांपूर्वी वस्तऱ्याने घेतलेला काप किती पातळ आणि किती सफाईचा होता, हे त्या वेळी लोकांच्या ध्यानात आले. जुने कागद सांभाळणाऱ्या ग्रंथपालांना ही हकीकत अवश्य सांगावी.

आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक म्हणजे काय आणि हौशी माणसाचा त्याच्याशी संबंध कोठे येतो, ते पाहू.

साध्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे आणि ती कारागिराच्या कौशल्याची नसून प्रकाशाची आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे याने १८७३ मध्ये दाखवून दिले की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू भिंग कितीही चांगले असले तरी वेगळे दिसू शकत नाहीत. ही मर्यादा मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाची. योगायोग असा की काही डायाटमांच्या कवचावरील रेघा नेमक्या या मर्यादेच्या आसपास असतात. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील हौशी मंडळी नवे भिंग विकत घेतले की प्रथम डायाटमाची काचपट्टी ठेवून रेघा मोजता येतात का ते पाहत. सोनाराने सोने कसोटीवर घासावे तसा तो प्रकार होता.

या भिंतीपलीकडे जावयाचे तर प्रकाशच बदलावा लागतो. इलेक्ट्रॉनांना तरंगलांबी असते आणि दहा हजार व्होल्टच्या दाबाने पळवलेल्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी हिरव्या प्रकाशाच्या तुलनेत चाळीस हजार पटींहूनही लहान असते. त्यांना वळवावयास काचेचे भिंग चालत नाही, तारेच्या वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र भिंगाचे काम करते. बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये या तत्त्वावरचे पहिले उपकरण चालवले. त्याचे वर्धन वीस पटसुद्धा नव्हते, मुलांच्या खेळातले भिंग त्याच्या जवळपास येते. परंतु दोनच वर्षांत रुस्काने प्रकाशाची मर्यादा ओलांडली. नोबेल पारितोषिक मिळावयास मात्र त्याला १९८६ सालापर्यंत थांबावे लागले. आपल्या देशात १९४० च्या दशकात कलकत्त्याला नीरजनाथ दासगुप्ता यांनी असा सूक्ष्मदर्शक बांधला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका ओळीओळीने फिरवून चित्र उमटवण्याच्या पद्धतीस क्रमवीक्षण म्हणतात. १९३७-३८ मध्ये या पद्धतीला रूप देणारा मानफ्रेट फॉन आर्डेन हा विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडलेला गृहस्थ होता आणि त्याची प्रयोगशाळा खाजगी होती. तेव्हा या यंत्राच्या वंशावळीतच एक स्वतंत्र वृत्तीचा माणूस आहे. बाजारात विकत मिळणारे असे यंत्र केंब्रिजमधून १९६५ मध्ये आले.

ज्यांच्या घरात काचेच्या मोठ्या नळीचा जुना दूरचित्रवाणी संच होता, त्यांच्या घरात या यंत्राचे सख्खे भावंडच होते. निर्वात नळी, तापलेला तंतू, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन, हजारो व्होल्टचा दाब आणि शलाकेला ओळीओळीने फिरवणारी वेटोळी, हे सारे त्या संचात असते. तेथे शलाका पडद्यावर पडून चित्र काढते. सूक्ष्मदर्शकात ती नमुन्यावर फिरते आणि नमुन्यातून उसळलेले इलेक्ट्रॉन मोजून दुसऱ्या पडद्यावर चित्र उमटते. हे साम्य ओळखूनच काही हौशी लोकांनी घरी असे यंत्र जुळवण्याचा ध्यास घेतला. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील बेन क्रॅस्नो या अभियंत्याने आपल्या घरच्या कार्यशाळेत क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधून चालवून दाखवला. इतर काहीजण विद्यापीठांनी मोडीत काढलेली यंत्रे घेऊन ती महिनोन्‌महिने खपून दुरुस्त करतात. यातील अवघड भाग भिंगाचा नसून निर्वाताचा असतो. एखादे रबरी कडे किंचित फाटलेले असले की सारी रात्र पंप चालवूनही तंतू जळून जातो. शिवाय एवढा विद्युत्दाब प्राणघातक असतो आणि त्यातून क्ष-किरणही निघतात. ज्याला विजेच्या कामाचा सराव नाही त्याने या वाटेस जाऊ नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

शिप्रेच्या थेंबाला या यंत्रात कशी जागा मिळते? पाण्याला निर्वातात थारा नाही, ते क्षणात उकळून वाफ होते. थेंबात वळवळणारे जीव पाहावयाचे असतील तर साधा सूक्ष्मदर्शकच हवा. मीरतमध्ये जन्मलेले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे आणलेला घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट वर्धन देतो, त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत होता आणि तो खिशात घालून रामघाटाच्या पायरीवर बसता येते. इलेक्ट्रॉनांपुढे मात्र सारे वाळवून, बहुधा सोन्याचा अतिशय विरळ मुलामा देऊनच ठेवावे लागते. जिवंतपणी जे जसे होते ते तसे तेथे दिसत नाही. डायाटमाचा करंडा मात्र काचेचा असल्यामुळे वाळवल्याने बिघडत नाही. जगभरच्या हौशी मंडळींना तो प्रिय आहे याचे हे एक कारण. दुसरे कारण त्याचे सौंदर्य, कारण कवचावरील छिद्रांची नक्षी पाहून आपल्या जाळीकाम करणाऱ्या कारागिरांचीच आठवण होते.

परंतु येथेच एक धोका आहे. चित्र उमटले की हौस भागते. भिंतीवर लावावे असे छायाचित्र मिळते, मित्रमंडळी वाहवा करतात आणि नमुना कोठला, कोणत्या तारखेचा, किती खोलीवरचा, याची नोंद कोणी करीत नाही. अशा चित्राला शोभेपलीकडे मोल नाही. यंत्र घरी बांधले हा पराक्रम खराच, पण तो यंत्रविद्येतला पराक्रम झाला, नदीविषयी त्याने एक अक्षरही सांगितलेले नसते.

याच्या अगदी उलट उदाहरण महाराष्ट्रातले आहे. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी हे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे अध्यापक. १९५० च्या दशकात कोल्हापूर आणि त्याचा परिसर, राधानगरी, पन्हाळगड येथील गोड्या पाण्यातील डायाटमांवर त्यांनी एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले. त्यांच्या हाताशी साधा प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक होता. पन्हाळ्याला जाणारा माणूस तेथील तटबंदी आणि इतिहास पाहून परततो, हे गृहस्थ तेथील साचलेल्या पाण्याच्या बाटल्या भरून आणीत होते! पुढे ते गुजरातेत गेले, तेथेही हेच काम चालू राहिले आणि मध्य गुजरातच्या डायाटमांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९९८ मध्ये निघाला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. ते पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांना हौशी म्हणणे काटेकोर अर्थाने बरोबर नाही. परंतु या विषयात आपल्या देशात सोबती फार थोडे असताना एकट्याने, आवडीपोटी, आयुष्यभर केलेले हे काम हौशी माणसाच्याच जातकुळीचे आहे.

त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, २०१२ मध्ये, बी. कार्तिक आणि पॅट्रिक कोसिओलेक यांनी कोल्हापूरच्या परिसरातून गांधींनी नोंदवलेल्या गोम्फोनेमा या एकाच प्रजातीतील जातींचा फेरविचार करणारा निबंध प्रसिद्ध केला. गांधींनी मागे ठेवलेली सामग्री त्यासाठी कामी आली. साध्या भिंगाखाली न दिसणाऱ्या छिद्रांचे आणि खाचांचे तपशील आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसतात आणि कोणती जात खरोखर वेगळी, कोणती नाही, याचा निवाडा त्यांवर करता येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायाटमांचे जे काम कार्तिक यांनी पुढे चालवले, त्याची पाळेमुळे अशा रीतीने जुन्या टिपणांत गेलेली आहेत. मोठे यंत्र गांधींच्या हाती कधी नव्हते. पण ज्याच्या हाती ते पुढे येणार होते त्याच्यासाठी त्यांनी नमुना, ठिकाण आणि रेखाचित्र ही तीन गोष्टींची शिदोरी बांधून ठेवली होती.

पुन्हा उज्जयिनीकडे वळू. रामघाटावरून नदीच्या वरच्या अंगाला, दक्षिणेकडे गेले की जयसिंगपुऱ्यात सवाई जयसिंगाची वेधशाळा लागते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही चुना-दगडाची यंत्रे. त्यांत भिंग नाही, चाक नाही, केवळ भिंती आणि त्यांची सावली. पुढे ती ओस पडली. त्या शतकाच्या अखेरीस विल्यम हंटर या स्कॉटिश गृहस्थाने ती पाहून तिचे वर्णन लिहून ठेवले. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने अधीक्षक म्हणून तिच्यात पुन्हा प्राण ओतला. तेथील शंकुयंत्र त्यांच्याच मार्गदर्शनाखाली उभे राहिले. १९४२ पासून तेथून ग्रहस्थितीचे पंचांग निघू लागले.

या शंकुयंत्रावरून हौशी माणसाला करता येण्याजोगा एक प्रयोग सुचतो. कर्कवृत्त पूर्वी उज्जयिनीवरून जात होते आणि आता ते सरकून उत्तरेला डोंगळा गावाकडे गेले, असे गावात अभिमानाने सांगितले जाते. विधान तपासण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. रामघाटाचा अक्षांश सुमारे २३ अंश ११ कला आहे. २१ जूनला सूर्याची क्रांती २३ अंश २६ कला असते. म्हणजे त्या दिवशी माध्यान्ही, घड्याळात साडेबाराच्या सुमारास, सूर्य उज्जयिनीच्या खमध्याच्या १५ कला उत्तरेस असतो आणि एक मीटर उंच काठीची सावली दक्षिणेकडे साडेचार मिलिमीटर पडते. काठीच्या जाडीत ती लपते, म्हणून सावली नाहीशी झाली असे लोक म्हणतात. काठीऐवजी चार मीटर उंचीवर बारीक छिद्राचा पत्रा बसवून खाली ओळंबा सोडला, तर छिद्रातून पडणाऱ्या सूर्यबिंबाचा मध्य ओळंब्यापासून जवळजवळ अठरा मिलिमीटर दक्षिणेस सरकलेला आढळेल. ते अंतर शाळकरी मुलगाही पट्टीने मोजू शकतो. सावली खरोखर शून्य होते ती १२ जून आणि ३० जूनच्या आसपास.

आणि कर्कवृत्त सरकते हे खरे, परंतु उलट दिशेने. पृथ्वीच्या अक्षाचा कल शतकाला सुमारे ४७ विकलांनी कमी होत आहे, त्यामुळे कर्कवृत्त वर्षाला चौदा-पंधरा मीटर दक्षिणेकडे येते. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी, ते आजच्याहून वीस-बावीस किलोमीटर उत्तरेस होते. उज्जयिनीपासून ते तेव्हा अधिकच दूर होते, आणि आजच्याच गतीने येत राहिले तर आणखी सुमारे दोन हजार वर्षांनी ते रामघाटाजवळ पोहोचेल. जुन्या ग्रंथकारांनी हा कल पूर्ण २४ अंश धरला होता आणि उज्जयिनीचे अक्षांशही त्याच सुमारास मानले होते, त्यामुळे गावाचे कर्कवृत्ताशी नाते जुळले. त्यांचा मान यामुळे रतिभरही कमी होत नाही. पण दरवर्षी जूनमध्ये ओळंबा सोडून मोजणाऱ्या माणसाची वही असेल, तर हा वाद आवाज न चढवता मिटतो.

अशाच वहीची गरज पायरीवरच्या तपकिरी थराला आहे, किंबहुना अधिक आहे. इंदूरकडून येणारी खान नदी वरच्या बाजूस त्रिवेणीजवळ शिप्रेला मिळते आणि शहराचे सांडपाणी घेऊन येते. फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी शिप्रेत सोडणाऱ्या सिंहस्थ जोड प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि २०१६ च्या सिंहस्थात कोट्यवधी भाविकांनी त्या मिश्र प्रवाहात स्नान केले. नर्मदेबरोबर नर्मदेचे डायाटम आले काय? शिप्रेचे मूळचे कोणते, उपरे कोणते? मलयुक्त पाण्यात तग धरणारे निट्झ्शिया पालेआसारखे डायाटम पायरीवर वाढले की घटले? युरोपातील नद्यांची प्रकृती अशाच मोजणीने तपासली जाते. या प्रश्नांची उत्तरे २०१४ पूर्वीच्या थरातच मिळतील. त्या काळी कोणा शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने रामघाटावरचा थर काचपट्टीवर घेऊन तारखेसह कपाटात ठेवला असेल, तर ती काचपट्टी आज अमोल आहे.

२०२८ मध्ये पुढचा सिंहस्थ आहे. काम करावयाचे तर सामान थोडके लागते : दातांचा जुना ब्रश, झाकणाच्या बाटल्या, औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि काचपट्ट्या. पाण्याखालचा एकच दगड ठरवून घ्यावा, त्यावरचा थर ब्रशाने बाटलीत उतरवावा, पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळून करंडे स्वच्छ करावेत, अर्धे काचपट्टीवर बसवावेत आणि अर्धे तसेच बाटलीत राखावेत. हा राखलेला भाग ज्याच्या हाती कधी काळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईल त्याच्यासाठी. बाटलीवर चिठ्ठी हवी आणि तिच्यावर तारीख, वेळ, घाटाचे नाव, कितवी पायरी, पाणी किती खोल आणि त्या दिवशी नर्मदेचे पाणी सोडलेले होते की नाही, एवढे पेन्सिलीने लिहिलेले असावे. शाई पाण्याने पुसली जाते.